स्वप्न पडेपर्यंत

अबोलीची रोपं पिशवीत मावेनाशी झाली होती. कस्तुराबाईनं सकाळी उठून एक पिशवी उचलली, तर खालच्या भोकातून पांढरी मुळं बाहेर येऊन जमिनीत शिरू बघत होती. तिनं ती हलक्या हातानं सोडवली आणि पिशवी पुन्हा जांभळाखाली सावलीत ठेवली. हल्ली रोजचा हाच उद्योग झाला होता. मुळं जमीन शोधत होती आणि ही त्यांची समजूत काढत होती, की बायांनो, जरा दम धरा, अजून पास्टरांना स्वप्न पडायचंय.

थंडीत बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याला सकाळी जे उतरतं ते निव्वळ धुकं नसतं. त्यात कारखान्यांचा धूर असतो, तळ्यावरच्या फेसाचा वास असतो, आणि होसूर रोडवरच्या बसचे हॉर्न त्यातून असे ऐकू येतात की रस्ता दुसऱ्याच कुठल्या मुलखातून चाललाय असं वाटावं. कंपनीच्या कंपाउंडची उंच भिंत आणि तळं यांच्या मधे मुनिरेड्डीचा एक पट्टा शेत म्हणून उरला होता. धुक्यात भिंतही दिसेनाशी व्हायची आणि तळंही. मग कस्तुराबाईला वाटायचं, आपण खानापूरकडच्या माळावरच आहोत, आता धुकं हटलं की समोर बाबांची बैलं दिसतील. धुकं हटायचं आणि समोर भिंत दिसायची.

हा पट्टा पिराजी आणि कस्तुराबाई वाट्यानं करत होती. मुलगा अजिंक्य कारखान्यात पाळीवर जायचा, सून प्रणिता फुलं तोडायला आणि ओवायला हाताशी असायची. सगळी अबोलीच होती. बेंगळुरूच्या बायकांना अबोलीवाचून केस विंचरल्यासारखे वाटत नाहीत, त्यामुळे त्या फुलाला मरण नव्हतं. मरण आलं ते विहिरीला. दसऱ्यापासून पाण्यावर रंगीत तवंग धरू लागला. पानांच्या कडा करपल्या, जुनी झाडं पिवळी पडली, आणि पाट वळवून आलं की पिराजीच्या पोटऱ्यांना अशी खाज सुटायची की तो खुरप्याच्या मुठीनं खाजवत बसायचा. कस्तुराबाईच्या बोटांची सालपटं निघत. त्याच बोटांनी ती पहाटेच्या गारठ्यात फुलं खुडायची, पाटी भरायची, आणि पिराजी ती डोक्यावर घेऊन पहिल्या बसला मार्केटात जायचा. हल्ली व्यापारी पाटीत हात घालून काळी पडलेली फुलं वेचायचा आणि पिराजीच्या पायाशीच टाकायचा. पिराजी ती उचलून बाजूला ठेवायचा.

मुनिरेड्डी माणूस वाईट नव्हता. आनेकलच्या बाजूला, निलगिरीच्या झाडांच्या रांगांपलीकडे, त्याचा दुसरा तुकडा पडून होता आणि तिथली विहीर गोड होती. तिकडे जा, नवी रोपं तिथं लावा, म्हणाला. संक्रांतीच्या आत सांगा, नाहीतर मी दुसरं कुटुंब बघतो. एवढी सरळ गोष्ट होती. दुसऱ्या कुणी त्याच संध्याकाळी गाठोडं बांधलं असतं. पण पिराजी म्हणाला, पास्टरांना विचारतो.

इथं मंडळीचा रिवाज सांगायला हवा. लेथच्या एका वर्कशॉपमागं पत्र्याची शेड होती. तिथं दर रविवारी खानापूर-निपाणीकडची मराठी ख्रिस्ती घरं उपासनेला जमत. पास्टर त्रिविक्रम मिरजेकडचे. असलं नाव घेऊन पास्टर कसे झालात, असं कुणी विचारलं की ते म्हणत, आईनं ठेवलंय, देवालाही तेच पाठ झालंय. माणूस साधा, आवाज मात्र असा की वरचा पत्रा थरथरावा. मंडळीत कुणाला घर बदलायचं असो, सोयरीक जमवायची असो, नोकरी सोडायची असो, त्यानं ते आधी पास्टरांच्या कानावर घालायचं. पास्टर ते उशाशी घेऊन निजत. काही दिवसांत त्यांना स्वप्न पडे, रविवारी ते उभं राहून सांगत, आणि सांगितलं की विषय मिटला. पाळकाच्या शब्दाबाहेर जायचं नाही, मेंढरानं वाट विचारायची, वाद घालायचा नाही, अशी शिकवण. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. इथं मन एकाचं असायचं आणि स्वप्न दुसऱ्याला पडायचं, आणि नवलाची गोष्ट म्हणजे ते लागू पडायचं.

पिराजीचं तर सगळं आयुष्यच त्या स्वप्नांवर उभं होतं. तो दारूत बुडालेला असताना पास्टरांनी त्याला बोलावून सांगितलं होतं, की तू तुझ्याच दारात उभा आहेस आणि तुझा मुलगा तुला ‘कोण पाहिजे’ असं विचारतोय, हे मला दिसलं. पिराजी त्या दिवशी पोरासारखा रडला आणि पुन्हा बाटलीला शिवला नाही. प्रणिताही स्वप्नातूनच सून होऊन घरात आली. आणि स्वप्नातूनच एकदा हुकूम आला होता, की मंडळीतल्या बायकांनी केसांत फुलं माळू नयेत. आख्ख्या शहराच्या अंबाड्यांना अबोली पुरवणाऱ्या कस्तुराबाईच्या केसांत त्यानंतर एक पाकळी गेली नव्हती. गावाकडच्या लग्नांत बायका तिच्या मोकळ्या अंबाड्याकडे बघून हळूच विचारत, हिचा नवरा कधी गेला म्हणायचा. नवरा मांडवात जेवत असायचा. कस्तुराबाई मान खाली घालून पुढं सरकायची.

पण या खेपेला स्वप्न काही येईना. एक रविवार गेला, पास्टर उभे राहिले आणि थांबा म्हणाले. पुढच्या रविवारीही थांबा. त्यांची बायको हेमलता पावसाळ्यात वारली होती, माणूस दुःखात आहे, म्हणून सगळे समजून घेत होते. रोपं मात्र समजून घेत नव्हती. खालची पानं गळायला लागली होती. एक दिवस मुनिरेड्डी मोटारसायकलवरून आला आणि खाली न उतरता, गाडी चालूच ठेवून, पिराजीला कन्नडमध्ये विचारून गेला, की तुमच्या स्वामींना अजून झोप लागली नाही का. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन हसला. पिराजी हसला नाही आणि चिडलाही नाही. विहिरीवर गेला आणि त्याच घाण पाण्यानं पाय धुऊन आला.

त्या संध्याकाळी फुलं ओवता ओवता कस्तुराबाई म्हणाली, “त्यात सपान कशाला पाहिजे? पाणी कुजलंय. उघड्या डोळ्यांनी दिसूलालंय की.”

“उघड्या डोळ्यांनी मला दारूबी गोडच दिसायची,” पिराजी म्हणाला.

तिनं दोऱ्याला गाठ मारली आणि दुसरा दोरा घेतला.

पास्टर एकटे पडल्यापासून घराघरांनी त्यांच्या जेवणाची पाळी लावून घेतली होती. कस्तुराबाईची पाळी गुरुवारची. भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन ती दुपारी शेडमागच्या खोलीशी पोचली. लेथवाले जेवायला गेले होते, त्यामुळे सगळीकडे अशी शांतता होती की पत्रा उन्हानं तडकलेला ऐकू यावा. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पास्टर चटईवर उताणे पडले होते, डोळ्यांवर ओला पंचा, दोन्ही हात छातीवर. तेवढ्यात पंचाखालून आवाज आला.

“कोण, कस्तुराबाई का? या. झोपलो नाही. झोपायचा प्रयत्न करतोय.”

ते उठून बसले. डोळे खोल गेले होते, दाढीचे खुंट वाढले होते. तिनं ताट वाढलं आणि दाराशी उकिडवी बसली. पास्टर दोन घास जेवले. तिला वाटलं होतं की आपण काही बोलणार नाही, डबा घेऊन निघू. पण रोपं डोळ्यांसमोरून हलेनात.

“पास्टरअण्णा, रोपं मरूलालीत,” ती म्हणाली. “काय दिसतंय ते एकदा सांगून टाका.”

पास्टरांच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला.

“मला कधीच काही दिसलं नाही,” ते म्हणाले. “ती बघायची. सकाळी चहा ओतताना मला सांगायची. मी रविवारी उभा राहून तुम्हाला सांगायचो.”

कस्तुराबाईला आधी उमजलंच नाही. मग हळूहळू हेमलताअक्का तिच्यासमोर येऊन बसली. उपासनेत बायकांच्या शेवटच्या ओळीत दाराशी बसणारी, सगळ्यांना चहा झाल्यावर कप विसळणारी, आणि पास्टर स्वप्न सांगायला लागले की खाली मान घालून सतरंजीचा दोरा उसवत राहणारी. ती सतरंजी तेवढ्याच जागी विरली होती, आणि सगळ्यांना वाटायचं की उंदरांनी कुरतडली. पास्टर हळू आवाजात सांगत होते, की हेमलताचंच म्हणणं होतं, तुम्ही सांगा, माझं कोण ऐकणार. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एकाचं भलं झालं. मग लोक स्वप्नासाठीच येऊ लागले, आणि खरं सांगायची वेळ निघून गेली. ती गेल्यापासून तिच्या उशीवर डोकं ठेवून बघितलं, तिच्या जागेवर निजून बघितलं. तिला दिसायचं ते मला दिसत नाही. एवढं सांगून ते थांबले.

“आनि फुलं माळायची न्हाईत, ते?” कस्तुराबाईनं विचारलं. “तेबी अक्कालाच दिसलं?”

पास्टरांनी मान वर केली नाही. “नाही. ते मी माझ्या मनानं सांगितलं. तेवढं एकच.”

कस्तुराबाईला असा राग आला की कानशिलं तापली. स्वप्नात देवानं सांगितलं म्हणून तिनं ते सोसलं होतं, लोकांच्या नजरा झेलल्या होत्या. आता तिचा अंबाडा लिंबाएवढा झाला होता, गजरा माळायचा म्हटला तरी टिकायचा कशावर. आणि समोर हा माणूस असा बसला होता की त्याच्यावर ओरडायचीही सोय नव्हती. तिला त्याची कीव आली आणि कीव आल्याचाही राग आला.

“तुम्हाला काय हवंय ते मला ठाऊक आहे,” पास्टर म्हणाले. “मी रविवारी तेच दिसलं म्हणून सांगतो. पिराजी ऐकेल. रोपं वाचतील.”

“म्हंजे अक्काच्या जागी आता मी?”

कस्तुराबाईनं डबा विसळला, बघते म्हणाली आणि निघाली. तळ्याच्या कडेनं चालताना फेसाचे गोळे वाऱ्यावर उडून वाटेत येत होते, आणि ऊन त्यांतून रंगीत होऊन जात होतं. हवं ते तिच्या तळहातावर येऊन बसलं होतं. नुसती मान हलवायची, रविवारी पास्टर बोलणार, सोमवारी गाठोडं बांधायचं. कुणाचं काय जाणार होतं? रोपांना काय कळणार, कुणाच्या शब्दानं त्यांना जमीन मिळाली? पण मग पुढच्या वेळी कुणाच्या तरी लग्नाचं निघेल, कुणाच्या नोकरीचं निघेल, आणि पास्टर गुरुवारी तिच्याच तोंडाकडे बघतील. आणि आपण शेवटच्या ओळीत बसून दोरा उसवत राहू. घरी आल्यावर पिराजीनं विचारलं, पास्टर काय म्हणाले. ती म्हणाली, जेवले.

शनिवारी दुपारी तोडणी उरकून ती रोपांजवळ जांभळाखाली जरा आडवी झाली. तिला गाढ झोप लागली. प्रणिता हाक मारायला आली तेव्हा ती उठून बसलेली होती आणि तिचे डोळे ओले होते. काय झालं म्हणून सुनेनं विचारलं, तर फेस गेला डोळ्यांत, एवढंच सांगून ती कामाला लागली.

रविवारी शेड भरली. पिराजी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पुरुषांच्या पहिल्या ओळीत बसला होता. गाणी झाली, प्रार्थना झाली, आणि पास्टर उभे राहिले. सगळ्यांनी माना वर केल्या. पास्टरांनी मात्र बायकांच्या बाजूला बघितलं. कस्तुराबाई मधल्या ओळीत होती. तिनं त्यांच्या डोळ्यांत सरळ बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली.

पास्टर तसेच उभे राहिले. कुणीतरी खोकलं. मग ते बोलायला लागले, पण नेहमीच्या आवाजात नव्हे. पत्रा थरथरला नाही. पुढच्या ओळीलाही कान द्यावा लागावा इतक्या हळू त्यांनी सगळं सांगितलं, हेमलताचं, चहाचं, रविवारचं, आणि फुलांचंही. शेवटी ते म्हणाले, की मी तुम्हाला माझ्या आज्ञेत ठेवलं, आणि मी स्वतः ज्या बाईच्या आज्ञेत होतो तिचं नाव कधी तुम्हाला सांगितलं नाही.

पिराजी उठून उभा राहिला.

“माझं? दारातलं?”

“तेही तिचंच, पिराजी.”

पिराजी उभाच राहिला. इतकी वर्षं दर रविवारी निघताना तो पास्टरांचे दोन्ही हात डोळ्यांना लावायचा, आणि दाराशी चहाचा कप देणारीकडे न बघता कप परत ठेवायचा. “मी अक्काला कधी येक शबुद बोललो न्हाई,” तो म्हणाला. ते त्यानं कुणालाच उद्देशून म्हटलं नव्हतं. मग त्यानं पास्टरांकडे बघून विचारलं, “आता आमी कुनाचं ऐकायचं?”

तेव्हा कस्तुराबाई उठली. त्या शेडमध्ये गाण्याखेरीज बाईचा आवाज कधी उठला नव्हता. तिनं प्रणिताच्या खांद्याचा आधार घेतला.

“मला काल अक्का दिसली,” ती म्हणाली. “आमच्या विहिरीवर बसून राखेनं भांडं घासत होती. पाणी निवळ होतं, तळ दिसत होता. तिच्या केसांत अबोली होती, मोठ्ठा गजरा. तिनं वर बघितलं न्हाई. घासता घासता म्हणाली, कस्तुरा, रोपं लावलीस काय गं?”

“आनि?” पिराजीनं विचारलं.

“आनि काय न्हाई. तेवढंच.”

“तू काय सांगितलंस?”

“काय सांगू? लाज वाटली मला. जागी झाले.”

पास्टर खाली बसले होते, पुरुषांच्या ओळीत, सतरंजीवर, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होते. शेजारच्यानं सरकून त्यांना जागा करून दिली. पिराजी थोडा वेळ बायकोकडे बघत राहिला, जणू ही कोण आहे हे त्याला कुणीतरी नव्यानं विचारलं होतं. मग तो दाराशी गेला. तिथं जिथं सतरंजी विरली होती, त्या जागी तो खाली वाकला, जमिनीला हात लावून डोळ्यांना लावला, चपला घातल्या आणि मुनिरेड्डीकडे निघून गेला.

आनेकलचा तुकडा गार होता. निलगिरीच्या रांगांतून धुकं पांढऱ्या मेंढरांसारखं हळूहळू वर सरकत होतं आणि त्याला इथं धुराचा वास नव्हता. कस्तुराबाईनं विहिरीच्या पाण्यात हात घातले, तेव्हा सोललेली बोटं झोंबली आणि मग निवली. ती कितीतरी वेळ हात बाहेर काढेना. काही रोपं वाटेतच गेली होती. उरली त्यांची ओळ बांधावर लावून पिराजी आळी करत होता.

पास्टर पहिल्या बसनं आले. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पिराजीसमोर उभे राहिले. “सांगशील तसं करतो,” म्हणाले.

पिराजीला आधी अवघडल्यासारखं झालं. मग त्यानं सांगितलं, की पिशवी कडेनं फाडायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, आणि मुळं वाकवायची नाहीत, ती जातील तिकडे जाऊ द्यायची. पास्टरांच्या हातून पहिला गोळा फुटला. पिराजीनं काही न बोलता दुसरी पिशवी पुढं केली. पलीकडच्या ओळीत प्रणितानं जुन्या शेतातल्या शेवटच्या पाटीतलं एक तुरा काढून केसांत खोवला आणि चोरून पास्टरांकडे बघितलं. पास्टरांनी बघितलं, तोंड उघडलं, आणि परत आळ्यात हात घातला. तिनं दुसरा तुरा सासूपुढे धरला. कस्तुराबाई म्हणाली, ठेव तिथं, हात मातीचे हायत, संध्याकाळी बघू.

दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर पास्टर बांधावर निलगिरीच्या सावलीत टेकले आणि तिथंच त्यांना झोप लागली. तोंड उघडं, पायांना चिखल, छाती एका लयीत वरखाली होत होती. सगळ्यांनी आवाज कमी केला. कस्तुराबाईनं पाण्याची कळशी उचलतानासुद्धा जपून उचलली. पिराजी मात्र काम सोडून त्यांच्याकडे बघत उकिडवा बसला होता. पास्टरांचे ओठ जरासे हलले, तसा तो पुढे सरकला. जन्माची सवय अशी एका रविवारात जात नाही.

ऊन कलल्यावर पास्टर जागे झाले. आपण कुठे आहोत हे त्यांना क्षणभर कळेना.

“काय दिसलं?” पिराजीनं विचारलं.

पास्टरांनी डोळे चोळले. “काही नाही रे,” ते म्हणाले. “नुसती झोप लागली होती.”

पिराजी उठला, आणि रोपांची पुढची पाटी त्यानं कस्तुराबाईपाशी नेऊन ठेवली. “ही कुठल्या ओळीत घ्यायची, सांग,” तो म्हणाला.